देवडीवर अडलेली देवघेव

संगणकाच्या पडद्यावर एखाद्या टॉरंटापुढे शंभर टक्के पूर्ण झाल्याची नोंद असावी, शेजारी ‘सीडिंग’ हा शब्दही उमटलेला असावा, यंत्र रात्रंदिवस चालू असावे, आणि तरीही अपलोडच्या रकान्यातले शून्य आठवडेच्या आठवडे हलू नये, हा अनुभव ज्याने घेतला नाही असा सीडर क्वचितच आढळेल. अशा वेळी मनुष्य पहिल्याने प्रोग्रामला दोष देतो आणि तो काढून दुसरा बसवतो. मग राउटर बंद करून चालू करतो. अखेरीस केबलवाल्याला फोन करतो, आणि केबलवाला येऊन, वेग मोजून, ‘साहेब, स्पीड तर बरोबर येतंय,’ असे सांगून निघून जातो. त्याचे म्हणणे खोटे नसते. पण त्याने मोजलेला वेग घरात येणाऱ्या मालाचा असतो, आणि आपली तक्रार घरातून न जाणाऱ्या मालाविषयी असते. घरातले जाळे मुळात घेणाऱ्याच्या सोयीने बांधलेले असून त्यात देणाऱ्याला आपले दार आपणच करून घ्यावे लागते, ही एक गोष्ट ध्यानात आली म्हणजे सीडिंगच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होऊ लागतो. म्हणून या प्रकरणात ते दार कोठे कोठे अडते याचा, घराच्या आतून बाहेरच्या दिशेने जात, तपास करावयाचा आहे.

ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ साली बिटटॉरंटची पद्धती प्रसिद्ध केली तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न असा होता की, एकाच ठिकाणची मोठी फाइल हजारो लोकांनी एकदम मागितली असता त्या ठिकाणाचा कोंडमारा होतो, आणि मागणारे जितके वाढतात तितका प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटतो. तर मग मागणाऱ्यांनाच देणारे का करू नये? त्याने फाइलीचे लहान लहान तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला वीस बाइटांची एक अंकमुद्रा, म्हणजे हॅश, दिली, आणि ज्याच्या हाती जो तुकडा आला असेल त्याने तो इतरांना द्यावा अशी व्यवस्था लावली. दर दहा सेकंदांनी प्रत्येक यंत्र आपल्याला कोण किती देतो याचा हिशेब पाहते आणि उदार शेजाऱ्याला अग्रक्रम देते. दर तीस सेकंदांनी एखाद्या अपरिचितालाही संधी देते, कारण तसे न केल्यास जो रिक्तहस्ते नुकताच आला आहे त्याला कोणीच कधी काही देणार नाही. मेळ्यात, म्हणजे एकाच फाइलीची देवघेव करणाऱ्या यंत्रांच्या समूहात, जो तुकडा सर्वांत दुर्मिळ असेल तो आधी मागावा, हा नियमही या व्यवस्थेचाच भाग आहे. ज्याच्यापाशी संपूर्ण फाइल आली आहे आणि जो आता केवळ देण्यासाठी थांबला आहे, तो सीडर. व्यवहारातून त्याला काही मिळावयाचे उरलेले नसते. म्हणून त्याचे देणे अडले तर त्याची हानी होत नाही, हानी होते ती पलीकडे वाट पाहणाऱ्याची, आणि याच कारणाने सीडरच्या घरातला बिघाड महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

टॉरंटाचे नाव निघाले की पुष्कळांच्या मनात चोरून उतरवलेले चित्रपटच येतात. परंतु डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या डिस्कप्रतिमा तिचे कार्यकर्ते स्वतःच टॉरंटाने वाटतात, आणि इंटरनेट आर्काइव्हने २०१२ पासून आपल्या संग्रहातील लक्षावधी वस्तू या मार्गाने खुल्या केल्या आहेत. आपल्याकडील १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लोटली की त्याच्या पुस्तकावरील स्वामित्व संपते. हरि नारायण आपटे १९१९ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या कादंबऱ्या आज कोणीही छापाव्यात आणि कोणीही वाटाव्यात. सीड करणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वितरण करणे होय, आणि मेळ्यात शिरलेल्या प्रत्येकाला आपला आयपी पत्ता उघड दिसत असतो. यास्तव जे वाटण्याचा आपल्याला अधिकार आहे तेच वाटावे. पुढील सर्व विवेचन अशाच वाटपाला उद्देशून आहे.

तपासाची पहिली पायरी अशी की, बिघाड खरोखरच आहे काय याची खातरजमा करावी. डेबियनच्या नव्या आवृत्तीचे टॉरंट लावून बसलेल्या एखाद्या गृहस्थाला वाटते की आपले देणे अडले आहे. पण तेथे देणारेच इतके असतात आणि घेणारा बापडा इतक्या लवकर तृप्त होऊन जातो, की आपल्यापर्यंत कोणाचा हात पोचतच नाही. सीडर शेकड्यांनी आणि घेणारे दोन-चार, असे आकडे दिसत असतील तर शून्य हे शून्यच राहणार, आणि त्यात कोणाचाही अपराध नाही. घेणारे पुष्कळ असून सीडर थोडे असतील, आणि तरीही आपल्याकडून काही जात नसेल, तर मात्र कंबर बांधावी.

दुसरी पायरीही घरातलीच आहे, आणि ती इतकी साधी आहे की जाणते लोक हटकून ओलांडून जातात. माल जागेवर आहे ना? फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली, तिचे नाव बदलले, किंवा ती ज्या बाहेरच्या डिस्कवर होती ती दुसऱ्या सॉकेटात लावल्यामुळे तिचे ड्राइव्हचे अक्षर बदलले, तर प्रोग्रामच्या लेखी तो माल नाहीसा झालेला असतो. अशा वेळी फाइलीची नवी जागा दाखवून फेरतपासणीचा हुकूम द्यावा, म्हणजे प्रत्येक तुकड्याची अंकमुद्रा पुन्हा काढून ती मूळ मुद्रेशी पडताळली जाते. फोटोवर नाव घालण्यासाठी किंवा गाण्याचे नाव दुरुस्त करण्यासाठी मूळ फाइलीत केलेला अल्पसा बदलही त्या तुकड्याला बाद करतो. वाटावयाची प्रत आणि वापरावयाची प्रत म्हणून वेगवेगळ्या ठेवणे बरे.

माल जागेवर असून मागणीही आहे, असे ठरले म्हणजे दाराकडे वळावे. आणि दार समजण्यासाठी जुन्या पुण्यातील एखादा वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्यात बिऱ्हाडे अनेक, परंतु रस्त्यावरून दिसणारा दरवाजा एकच, आणि त्याच्या देवडीवर बसलेला पहारेकरी हाच आतल्या माणसांचा आणि बाहेरच्या जगाचा दुवा. आतल्या कोणी चिठ्ठी बाहेर धाडली की तो वहीत नोंद करतो, चिठ्ठीवर बिऱ्हाडाऐवजी वाड्याचा पत्ता घालतो, आणि उत्तर आले म्हणजे वही पाहून ते योग्य बिऱ्हाडी पोचते करतो. परंतु ज्याला आतून कोणीच बोलावलेले नाही असा अनोळखी मनुष्य दारात येऊन उभा राहिला, तर नोंदीअभावी त्याला परतवण्यावाचून पहारेकऱ्याला गत्यंतर नसते. घरातला राउटर हा असा पहारेकरी आहे. इंटरनेटचे जुने पत्ते बत्तीस बिटांचे असल्यामुळे त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ एवढीच होते. ती पुरणार नाही हे फार पूर्वीच ओळखून १९९४ साली ही पत्ते बदलण्याची युक्ती लिहून काढण्यात आली, आणि १९९६ साली १० ने, १७२.१६ ते १७२.३१ ने आणि १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते घरगुती वापरासाठी कायम राखून ठेवण्यात आले. आपल्या संगणकाचा १९२.१६८.१.५ यासारखा पत्ता म्हणजे वाड्यातल्या खोलीचा क्रमांक. रस्त्यावरच्या टपालवाल्याला तो निरुपयोगी आहे.

बातम्या वाचणाऱ्याला, चित्रपट पाहणाऱ्याला, पैसे पाठवणाऱ्याला ही व्यवस्था कधीच जाचत नाही, कारण प्रत्येक वेळी पहिली चिठ्ठी त्याच्याकडूनच गेलेली असते. सीडर मात्र अनोळखी पाहुण्याचीच वाट पाहत बसलेला असतो. त्याचे काम अगदीच थांबत नाही, हे खरे. मेळ्यात कोण कोण आहे याची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅकरने दिलेल्या यादीवरून तो स्वतः बाहेर जाऊन घेणाऱ्यांची दारे ठोठावू शकतो, आणि ज्याचे दार उघडे आहे त्याच्याशी एकदा जोडणी झाली म्हणजे ती कोणी आरंभली याला महत्त्व राहत नाही. परंतु घेणाऱ्याचेही दार बंद असेल तर दोघेही एकमेकांच्या देवडीवरून परत फिरतात. तिसऱ्या यंत्राच्या मध्यस्थीने दोन्हीकडून एकाच वेळी हाक देऊन अशी कोंडी फोडण्याची युक्ती आहे आणि आजचे प्रोग्राम ती करूनही पाहतात. तथापि तिच्यासाठी दोघांना ओळखणारा मध्यस्थ लागतो, आणि ओस पडत चाललेल्या मेळ्यात तोच दुर्मिळ असतो.

यावर उपाय असा की, पहारेकऱ्याला एक कायमचा हुकूम द्यावा: अमुक क्रमांकाच्या खिडकीवर कोणीही आले तरी त्याला विनाचौकशी अमुक खोलीकडे पाठवावे. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पोर्टांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. बिटटॉरंटची पुरातन वहिवाट ६८८१ ते ६८८९ ची असली तरी ४९१५२ च्या पुढचा एखादा क्रमांक निवडावा, प्रोग्राममधील ‘दर वेळी नवा पोर्ट घ्या’ ही सोय बंद करावी, आणि राउटरवर टीसीपी आणि यूडीपी अशा वाहतुकीच्या दोन्ही प्रकारांसाठी तोच क्रमांक नोंदवावा, कारण आजची पुष्कळशी देवघेव यूडीपीवरून होते आणि एकच प्रकार नोंदवणारे अर्धे दारच उघडतात. यूपीएनपी नावाची सोय हे सर्व आपोआप करते. परंतु घरातल्या कोणत्याही यंत्राला न विचारता बाहेरचे दार उघडण्याची सनद देणे मला रास्त वाटत नाही, आणि स्वस्त राउटरांत ती सोय कधी चालते, कधी चालत नाही. हुकूम स्वहस्ते लिहावा हे उत्तम.

दार उघडले की नाही हे बाहेरूनच पाहावे लागते. ट्रान्समिशन या प्रोग्राममध्ये पोर्ट तपासण्याचे बटण आहे, आणि बाहेरून पोर्ट तपासून देणाऱ्या सेवाही आहेत. मात्र तपासणीच्या वेळी टॉरंटाचा प्रोग्राम चालू असला पाहिजे, नाहीतर खिडकी उघडी असून आत कोणी बसलेलेच नाही अशी स्थिती होऊन उत्तर ‘बंद’ असे येते. घरातल्याच वायफायवरून घराचा बाहेरचा पत्ता गाठण्याचा प्रयत्न तर करूच नये. पुष्कळ राउटरांना आतून निघून पुन्हा आत वळणारी वाट ठाऊक नसते, आणि उघडे दार बंद भासते. मोबाइलचे वायफाय बंद करून त्याच्या स्वतःच्या डेटावरून पाहावे.

माझ्या घरी हा हुकूम लिहून झाला, सीडिंग सुरळीत चालू झाले, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी एका रात्री वीज गेली. ती आल्यावर सर्व काही पूर्ववत दिसत असूनही अपलोडचा आकडा पुन्हा शून्यावर येऊन बसला. दोन दिवस मी राउटरच्या सेटिंगचे पान उघडून तो हुकूम पुनःपुन्हा वाचला; त्यात अक्षराचीही चूक नव्हती. चूक होती ती खोलीच्या क्रमांकात. राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते कायमचे देत नाही, ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतो. वीज आल्यावर माझ्या संगणकाच्या आधी घरातला दूरदर्शन संच जागा झाला आणि ५ क्रमांकाची खोली त्याने पटकावली, संगणकाला ९ क्रमांक मिळाला, आणि पहारेकरी इमानेइतबारे सर्व पाहुण्यांना दूरदर्शन संचाच्या दारी नेऊन सोडत होता. यंत्राच्या जन्मजात मॅक क्रमांकाशी घरचा पत्ता बांधून ठेवण्याची सोय जवळपास प्रत्येक राउटरात असते. पोर्टाचा हुकूम लिहिण्यापूर्वीच ती वापरावी. जेथे वीज वारंवार जाते तेथे तर हे कलम पहिले समजावे.

देवडीतून आत आलेल्या पाहुण्याला खोलीच्या दारावर पुन्हा एक पहारा लागतो, तो संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलचा. विंडोजवर येथे एक फसवा प्रकार घडतो. घरचे जाळे ‘खासगी’ म्हणून नोंदलेले असताना दिलेली परवानगी त्या प्रकारापुरतीच असते. राउटर बदलला की विंडोज त्याला अनोळखी जाळे समजून ‘सार्वजनिक’ या सदरात टाकते, आणि जुनी परवानगी दप्तरात तशीच असूनही लागू होत नाही. जाळ्याचे सदर बदलावे. फायरवॉल मात्र चाचणीच्या दोन मिनिटांपलीकडे कधीही बंद ठेवू नये.

एवढे करूनही दार बंदच दिसत असेल तर वाड्याबाहेर आणखी एक वाडा आहे काय, हे पाहावे. फायबर जोडताना कंपनीचा मनुष्य भिंतीवर जी पेटी बसवून जातो तीच पुष्कळदा राउटरही असते, आणि तिच्यामागे आपण हौसेने विकत आणलेला चांगला राउटर जोडला की एकामागे एक अशा दोन देवड्या उभ्या राहतात. आपल्या राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर हेच घडले आहे, असे समजावे. पहिली पेटी ‘ब्रिज’ पद्धतीवर ठेवून पहाऱ्याचे काम एकालाच द्यावे. ते कंपनीने मोकळे ठेवले नसेल तर दोन्ही ठिकाणी तोच हुकूम लिहावा.

आणि तो बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होऊन त्यापुढचा अंक ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर दुसरी देवडी आपल्या घरात नसून कंपनीच्या इमारतीत आहे. पत्त्यांचा केंद्रीय साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचे कोठार शेवटच्या राखीव हिश्श्यावर आले. तेव्हा उशिरा ग्राहक जोडणाऱ्या कंपन्यांनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता द्यावयास आरंभ केला, आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये या मधल्या टप्प्यासाठी ४१,९४,३०४ पत्त्यांचा एक पट्टा वेगळा काढण्यात आला. यालाच सीजीनॅट म्हणतात. दूरदर्शन संचाचे प्रकरण निस्तरल्यानंतर काही महिन्यांनी माझे सीडिंग तिसऱ्यांदा बंद पडले ते या कारणाने. कंपनीने ग्राहकांना न कळवता ही व्यवस्था लावली होती, आणि मदतीच्या क्रमांकावरचा मनुष्य ‘आमच्याकडून काही बदल नाही’ एवढेच सांगत राहिला. मी राउटरच्या पानावरचा पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता, असे दोन्ही अर्जात लिहून पाठवले, तेव्हा कुठे दाद लागली. ज्या हुकुमाची अंमलबजावणी आपल्या हाती नाही त्यासाठी आपल्या राउटरवर कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ आहे, हे आधी उमगले असते तर माझे कित्येक रविवार वाचले असते. अशा ग्राहकाने कंपनीकडे पब्लिक आयपी मागावा; पुष्कळ ठिकाणी तो थोडे अधिक पैसे भरून मिळतो.

किंवा मग नव्या पत्त्यांचा आश्रय करावा. आयपीव्ही६ चे पत्ते १२८ बिटांचे असून त्यांची रचना १९९८ सालीच निश्चित झाली आहे. त्यांत प्रत्येक यंत्राला स्वतःचा जगन्मान्य पत्ता मिळतो, म्हणून पत्ता बदलणाऱ्या मध्यस्थाची गरजच राहत नाही. भारतातील मोबाइल जाळ्यांवर यांचा प्रसार मोठा आहे आणि घरगुती फायबरवरही ते आता पुष्कळदा मिळतात. मात्र पत्ता खरा झाला म्हणून दार उघडे झाले असे नव्हे: राउटर येथेही न बोलावलेल्याला अडवतोच, आणि त्या एका यंत्राच्या त्या एका पोर्टापुरती वाट मोकळी करावी लागते. शिवाय पलीकडच्यापाशीही आयपीव्ही६ असले पाहिजे.

आता उलट बाजूची तक्रार. दार उघडले, देणे सुरू झाले, आणि घरातले बाकीचे सगळे त्रासले. मुलीचा व्हिडिओ कॉल अडखळू लागला, साधे पानही उघडेना. तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएलमध्ये आत येण्याचा वेग चोवीस मेगाबिटांपर्यंत जाई आणि बाहेर जाण्याचा सुमारे एका मेगाबिटावर थांबे. काचेच्या तंतूवरील जीपॉन पद्धतीतही, जी एकाच तंतूवर अनेक घरांत विभागलेली असते, आत येणाऱ्या २.४८८ गिगाबिटांसमोर बाहेर जाणारे १.२४४ च आहेत. बाहेरची वाट भरली की जादा माल राउटरच्या रांगेत साठतो; रांग २५६ किलोबाइटांची आणि वाट एका मेगाबिटाची असेल तर शेवटच्या पुडक्याला दोन सेकंद थांबावे लागते, आणि आपण जे डाउनलोड करीत असतो त्याच्या पोचपावत्याही याच रांगेत अडकल्यामुळे येणारा मालही मंदावतो. म्हणून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांवर बांधावी. ती बांधताना कंपनी मेगाबिटांत बोलते आणि प्रोग्राम किलोबाइटांत, हे विसरू नये: चाळीस मेगाबिटांची जोडणी म्हणजे सेकंदाला पाच हजार किलोबाइट, आणि त्या चौकटीत नुसते ४० लिहिणारा गृहस्थ आपल्या सामर्थ्याचा शंभरावा हिस्सादेखील देत नाही. यूटीपी या नव्या रीतीत रांगेतील विलंब शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ लागला की प्रोग्राम आपण होऊन मागे सरतो. ती रीत चालू ठेवावी. एकूण जोडण्यांचा आकडाही दोनशेच्या आसपास राखावा, कारण साध्या राउटरच्या पहारेकऱ्याची वही लहान असते आणि ती भरली म्हणजे तो घरातल्या कोणाचीच नोंद घेईनासा होतो.

हे सर्व एकदा जुळून आले म्हणजे वाचकाने काय वाटावयास घ्यावे याविषयी माझी एक विनंती आहे. डेबियनच्या ताज्या आवृत्तीला सीडरांची वाण नाही. इंटरनेट आर्काइव्हवर, किंवा शास्त्रीय माहितीचे संच ठेवणाऱ्या एखाद्या संग्रहात, स्वामित्व संपलेले असे एखादे जुने पुस्तक किंवा मासिकाचा अंक शोधावा, ज्याच्यापुढे सीडरांची संख्या १ एवढीच दिसते. त्या एकट्या सीडरचे दार बंद असेल, आणि मोबाइलवरून किंवा सीजीनॅटमागून मागणाऱ्याचेही बंद असेल, तर ती प्रत त्या सीडरपाशी असूनही मागणाऱ्याला त्याच्याकडून मिळत नाही. तेथे दुसरे नाव आपले घालावे, आणि आपला पोर्ट उघडा आहे की नाही हे महिन्यातून एकदा मोबाइलवरून पाहावे.